"सेटिंग परत उडाली": पायथनच्या कॉन्फिगपार्सरवर सारखा येणारा प्रॉब्लेम आणि त्याची खरी कारणं

एका भांड्यांच्या दुकानासाठी मी बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर लिहून दिलंय, पायथनमध्ये, खिडक्या टीकेइंटर या पायथनच्याच लायब्ररीच्या, आणि दुकानाचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर, प्रिंटर, बिलाचा पुढचा नंबर हे सगळं एका आयएनआय फाईलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराची फाईल, चौकटी कंसात सेक्शनचं नाव आणि त्याखाली एकेका ओळीत की आणि तिची व्हॅल्यू. वाचायला आणि लिहायला पायथनसोबतच येणारा कॉन्फिगपार्सर. दुकानातले काका दर दोन-तीन महिन्यांनी सकाळी साडेनऊला फोन करायचे, "अरे, सेटिंग परत उडालीय बघ, बिल एक नंबरपासून चालू झालंय." मी एनीडेस्कवरून आत जायचो, बॅकअपमधली फाईल परत ठेवायचो, आणि काकांना सांगायचो की कोणीतरी हात लावत असेल, पोरांना कॉम्प्युटरवर बसू देऊ नका.

पोरांचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि तो एक नव्हता, चार वेगवेगळे होते. लक्षण दर वेळी सेम दिसायचं म्हणून मी एकच रोग धरून बसलो होतो. हाच प्रॉब्लेम बऱ्याच जणांना येताना बघितलाय आणि बहुतेक जण लायब्ररी बदलून मोकळे होतात, नव्या लायब्ररीवर परत तेच होतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. कोड इथे देत नाहीये, कुठल्या ठिकाणी काय करायचं ते शब्दांत सांगतो.

सगळ्यात आधी हे बघा की फाईल वाचली गेलीय का. कॉन्फिगपार्सरच्या रीड फंक्शनची गंमत अशी आहे की फाईल सापडली नाही तर ते एरर देतच नाही, गप्प पुढे जातं. हे मुद्दाम ठेवलंय, कारण रीडला फाईल्सची यादी देता येते, आधी सगळ्या मशीनची सेटिंग, मग त्या युजरची, आणि त्यातली एखादी नसली तरी चालावं असा हेतू आहे. पण आपण एकच फाईल देतो आणि ती नसली की पार्सर रिकामा राहतो, आणि मग वीस ओळी खाली कुठेतरी नोसेक्शनएरर नाहीतर कीएरर येतो आणि आपण त्या ओळीकडे बघत बसतो. रीड ज्या फाईल्स खरंच वाचल्या त्यांची लिस्ट परत देतं. ती लिस्ट कोणी बघत नाही. बघा. रिकामी असली तर तिथेच थांबा, आणि ज्या पाथवर शोधलं तो पूर्ण पाथ लॉगमध्ये टाका, नुसतं फाईलचं नाव नको.

कारण पहिलं कारण हाच पाथ. नुसतं "सेटिंग.आयएनआय" असं दिलं की पायथन ते चालू फोल्डरमध्ये शोधतो, आणि चालू फोल्डर म्हणजे प्रोग्राम जिथे ठेवलाय तो फोल्डर नव्हे. डबल क्लिक केलं तर वेगळा, डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये "स्टार्ट इन" रिकामं किंवा चुकीचं असेल तर वेगळा, टास्क शेड्यूलरमधून चालवलं तर बहुतेक वेळा थेट विंडोजचा सिस्टीम३२. काकांच्या भाच्याने शॉर्टकट नवीन बनवला आणि त्या दिवशी सेटिंग "उडाली". फाईल जिथल्या तिथे होती बिचारी.

मग मी शहाणपणा करून पाथ स्क्रिप्टच्या स्वतःच्या जागेवरून काढला, म्हणजे दोन्ही बाजूंना डबल अंडरस्कोर असलेलं फाईल हे व्हेरिएबल वापरून, आणि पायइन्स्टॉलरने, म्हणजे पायथन प्रोग्रामची एक्झी करणाऱ्या टूलने, एकच एक्झी बनवून दिली. हे तर अजून भारी निघालं. वनफाईल मोडमध्ये ती एक्झी दर वेळी टेम्पमध्ये एक नवीन फोल्डर बनवते, सगळं त्यात उघडते, आणि प्रोग्राम बंद केला की ते फोल्डर पुसून टाकते, आणि माझी सेटिंग फाईल त्या फोल्डरात. म्हणजे दिवसभर मस्त, सेव्ह होतंय, परत उघडलेल्या खिडकीत दिसतंय, आणि दुकान बंद केलं की स्वाहा. एक्झीच्या बाबतीत सिस एक्झिक्युटेबलवरून, म्हणजे एक्झी जिथे ठेवलीय त्या जागेवरून, पाथ काढावा लागतो, आणि त्याहून बरं म्हणजे सेटिंग युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्येच ठेवा, कारण प्रोग्रॅम फाईल्समध्ये साध्या युजरला लिहायची परवानगीच नसते. मी आता तेच करतो.

इतकं करूनही दोन महिन्यांनी फोन आलाच. या वेळी पाथ बरोबर, फाईल जागेवर, पण साईझ शून्य.

याचं कारण प्रत्येकाने एकदा तरी केलेलं असतं. सेव्ह करताना आपण फाईल डब्ल्यू मोडमध्ये, म्हणजे लिहिण्यासाठी, उघडतो आणि पार्सरच्या राईटला देतो. डब्ल्यू मोडमध्ये उघडली त्याच क्षणी जुनी फाईल रिकामी होते, नवीन मजकूर नंतर येतो, आणि तो सुद्धा आधी मेमरीतल्या बफरमध्ये, मग ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशमध्ये, मग कधीतरी डिस्कवर. या मधल्या वेळात लाईट गेली की संपलं. आणि माझा प्रोग्राम बिलाचा नंबर जपायला प्रत्येक बिलानंतर फाईल सेव्ह करत होता, म्हणजे दिवसाला शंभर-दीडशे वेळा मी तो धोका घेत होतो, आणि दुकानात युपीएस होता पण त्याची बॅटरी कधीच मेलेली. कधी कधी तर फाईलची साईझ बरोबर दिसते पण आत मजकुराऐवजी नुसते शून्य किमतीचे बाईट भरलेले असतात, तेव्हा पार्सर मिसिंगसेक्शनहेडरएरर देतो. शून्य साईझच्या फाईलला मात्र तो काहीच म्हणत नाही, रीडच्या लिस्टमध्ये नाव पण येतं, कारण वाचली ना, रिकामी होती इतकंच. म्हणून नुसती लिस्ट बघून भागत नाही, जे सेक्शन असायलाच पाहिजेत ते आहेत का हेही तपासा.

उपाय जुना आणि पक्का आहे. त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने फाईल लिहा, फ्लश करा, ओएसचं एफसिंक मारा म्हणजे डेटा खरंच डिस्कवर जाईल, फाईल बंद करा, आणि मग ओएस रिप्लेसने जुन्या नावावर आणा. रिनेम वापरू नका, विंडोजवर त्या नावाची फाईल आधीच असली तर रिनेम एरर देतं, रिप्लेस देत नाही, आणि ते पायथन ३.३ पासून आहे. टेम्प फाईल त्याच फोल्डरमध्ये पाहिजे, दुसऱ्या ड्राईव्हवर असली तर हे जमत नाही. आता लाईट गेली तर एक तर जुनी फाईल राहते नाहीतर नवी, अर्धवट काही राहत नाही.

मी निश्चिंत झालो, पण हा बदल तेव्हा फक्त बिल सेव्ह होतं त्या ठिकाणी केला होता. सेटिंगच्या खिडकीतलं सेव्ह बटण वेगळं फंक्शन बोलवत होतं, ते तसंच राहिलं. हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा गोंधळ त्याच्यातून आला आणि तोच मला सगळ्यात जास्त नडला.

काका म्हणाले, काल संध्याकाळपर्यंत सगळं नीट चालू होतं, सकाळी उघडलं तर अर्धी सेटिंग गेली. अर्धी! लाईट गेली नव्हती. फाईल उघडून बघितली तर पहिले दोन सेक्शन शाबूत, तिसऱ्याचं नाव आणि दोन ओळी, आणि पुढे काहीच नाही, जसं कोणी कात्रीने कापलंय. विचारलं, काल काय बदललंत? "काही नाही रे, दुकानाचं नाव तेवढं मराठीत केलं."

झालं असं की विंडोजवर पायथनमध्ये फाईल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाईटमध्ये कशी लिहायची ते, सांगितलं नाही तर तो विंडोजची जुनी कोडपेज, म्हणजे ठरावीक अक्षरांचा तक्ता, घेतो, आणि आपल्याकडच्या इंग्लिश-इंडिया सेटिंगवाल्या मशीनवर ती सीपी१२५२ असते. त्यात देवनागरी एकही अक्षर नाही. पार्सर फाईल ओळीओळीने लिहितो, मराठी नावाची ओळ आली की युनिकोडएन्कोडएरर, ज्यात फाईल उघडलेली असते तो विथ ब्लॉक ती आपोआप बंद करतो, तोपर्यंतच्या ओळी डिस्कवर जातात, पुढच्या कधी लिहिल्याच जात नाहीत, आणि जुनी फाईल तर उघडतानाच पुसलेली. आणि एरर कोणाला दिसली नाही, कारण टीकेइंटर बटणाच्या फंक्शनमधली एरर नुसती कन्सोलवर, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, छापतो आणि पुढे चालू राहतो, आणि माझ्या एक्झीला कन्सोलच नव्हता. मेमरीत सगळ्या व्हॅल्यू होत्या म्हणून संध्याकाळपर्यंत नीट. सकाळी नवीन सुरुवात, अर्धी फाईल.

उपाय एका शब्दाचा, फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या. पण वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे, आणि प्रोग्राममध्ये जिथे जिथे उघडताय तिथे. मी घाईत फक्त लिहिताना दिलं. मग वाचताना काय होतं ते बघण्यासारखं आहे. यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक अक्षर तीन बाईटचं आणि प्रत्येक काना-मात्रा वेगळी तीन बाईटची, आणि सीपी१२५२ मध्ये पाच बाईट असे आहेत की त्यांना काही अर्थच दिलेला नाही. ह्रस्व उकाराचा शेवटचा बाईट त्यातला एक आहे, जोडाक्षरातलं पाय मोडायचं चिन्ह दुसरा, ए, ऐ आणि झ हे पण त्यात सापडतात. म्हणजे पत्त्यात पुणे, मुंबई किंवा कोल्हापूर असेल तर प्रोग्राम युनिकोडडिकोडएरर देऊन बसतो, आणि सातारा, सोलापूर, नाशिक, नागपूर, सांगली, ठाणे असेल तर बसत नाही, फक्त डोक्यावर तिरकी रेघ असलेले ए आणि कसलीकसली चिन्हं दाखवतो. मी टेस्ट करताना नाशिक टाकलं होतं. स्क्रीनवर कचरा दिसला, मला वाटलं फॉन्टचा घोळ आहे, आणि सोडून दिलं.

आणि कचरा नुसता दिसत नाही, वाढतो. सीपी१२५२ ने वाचायचं आणि यूटीएफ-८ ने लिहायचं असं चालू असलं की तीन बाईटचे तीन वेगळे कॅरॅक्टर होतात आणि ते परत दोन-दोन तीन-तीन बाईटचे होऊन लिहिले जातात. नाशिक पंधरा बाईटचं, एकदा सेव्ह केलं की ३१, परत केलं की ६३. दर सेव्हला दुप्पट. तुमची कॉन्फिग फाईल आपोआप फुगत असेल आणि प्रोग्राम उघडायला मिनिट लागत असेल तर दुसरीकडे शोधू नका, हेच आहे.

सगळ्या ठिकाणी हाताने द्यायचा कंटाळा असेल तर पायथन ३.७ पासून यूटीएफ-८ मोड आहे, पायथनयूटीएफ८ नावाचं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल १ करा, सगळंच यूटीएफ-८ होतं. पायथन ३.१५ मध्ये तर तेच डीफॉल्ट करायचं पेप ६८६ मध्ये, म्हणजे पायथनमधल्या बदलाच्या अधिकृत प्रस्तावात, ठरलंय. पण दुकानांतल्या मशीनवर विंडोज ७ अजून आहे आणि त्यावर पायथन ३.८ च्या पुढे जात नाही, तेव्हा हाताने लिहायची सवय असलेली बरी. आणि हो, अर्ध्या फाईलसाठी आणखी एक करा, आधी सगळं मेमरीतल्या स्ट्रिंगआयओमध्ये लिहून घ्या, तिथे काही फुटलं नाही तरच डिस्कला हात लावा. टीकेइंटरचा एरर हँडलर बदलून लॉग फाईलमध्ये लिहायला लावा, नाहीतर असल्या गोष्टी कधीच कळत नाहीत.

यूटीएफ-८ केलं की लगेच एक छोटी भानगड येते. जुन्या विंडोजच्या नोटपॅडने यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलं की फाईलच्या सुरुवातीला तीन बाईटचा बॉम, म्हणजे एन्कोडिंगची खूण, चिकटवला जातो. डोळ्यांना दिसत नाही, पण पार्सरला पहिली ओळ चौकटी कंसाने सुरू होताना दिसत नाही, आणि तो म्हणतो सेक्शन हेडरच नाही. तुम्ही बघता तर हेडर समोर ढळढळीत. वाचताना यूटीएफ-८-सिग द्या, बॉम असला तरी चालतं नसला तरी चालतं, लिहिताना साधं यूटीएफ-८. विंडोज १० च्या १९०३ व्हर्जनपासून नोटपॅड बॉमशिवाय सेव्ह करतो, पण जुन्या मशीन आहेतच.

टक्क्याचं चिन्ह. बिलाच्या खाली "सर्व किमतींत १८% जीएसटी धरला आहे" असं काकांनी टाकलं आणि सेव्ह दाबलं तर काहीच झालं नाही. कॉन्फिगपार्सर टक्क्याला खास अर्थ देतो, एका व्हॅल्यूत दुसरी घुसवायला, आणि नुसता टक्का दिसला की सेट करताना व्हॅल्यूएरर. फाईल हाताने लिहिली असेल तर रीड नीट होतं आणि ती व्हॅल्यू मागताना इंटरपोलेशनसिंटॅक्सएरर येतो, म्हणजे महिनाभर कोणी मागितली नाही तर महिनाभर कळत नाही. तारखेचे फॉरमॅट, पासवर्ड, सगळे यात मार खातात. टक्का दोनदा लिहायचा हा एक उपाय आहे पण दुकानदाराला ते कसं सांगणार. पार्सर बनवताना इंटरपोलेशन, म्हणजे टक्क्याचा हा खास अर्थ, नन देऊन बंद करून टाका, मला तरी हे फीचर आजवर लागलेलं नाही.

बाकी लहानसहान भराभर सांगतो. व्हॅल्यूच्या पुढे त्याच ओळीत सेमीकोलन टाकून कमेंट लिहिली तर पायथन ३.२ पासून ती कमेंट व्हॅल्यूचाच भाग धरली जाते, पोर्ट नंबर इंटने आकड्यात बदलताना फुटतो, कमेंट वेगळ्या ओळीत घ्या. हो-नाहीची व्हॅल्यू बूलने बदलू नका, "फॉल्स" ही स्ट्रिंग रिकामी नाही म्हणून ती ट्रू होते, गेटबूलियन वापरा. कीमधली कॅपिटल अक्षरं स्मॉल होतात, मी मालाचे कोड की म्हणून ठेवले होते आणि मोठ्या ए चा कोड आणि छोट्या ए चा कोड एकच धरून डुप्लिकेटऑप्शनएरर आला, वाचायच्या आधी ऑप्शनएक्सफॉर्म ला एसटीआर द्या. मराठीला कॅपिटल नाही तेवढं एक बरंय. ओळीच्या सुरुवातीला चुकून स्पेस पडली तर ती ओळ वरच्या व्हॅल्यूचा पुढचा भाग समजून गिळली जाते, की गायब, एरर नाही, हे हाताने फाईल बदलणाऱ्यांच्या बाबतीत फार होतं. आणि नवीन मशीनवर पायथन ३.१२ टाकल्यावर जुना कोड सेफकॉन्फिगपार्सर किंवा रीडएफपी वर अडला तर ते दोन्ही ३.१२ मध्ये काढून टाकलेत, कॉन्फिगपार्सर आणि रीडफाईल वापरा. एक गोष्ट उलटी चांगली निघाली, काकांनी प्रतींची संख्या मराठी आकड्यात २ टाकली होती आणि मी घाबरलो होतो, पण पायथनचा इंट देवनागरी आकडे घेतो, गेटइंट ने काही तक्रार केली नाही.

कमेंट उडतात याच्यावर मात्र थोडं बोलायला पाहिजे. फाईलमध्ये मी काकांसाठी प्रत्येक सेटिंगच्या वर मराठीत समजावून लिहिलं होतं, पहिल्या सेव्हला सगळं साफ. कॉन्फिगपार्सर वाचताना कमेंट टाकून देतो, मग लिहिताना त्याच्याकडे त्या नसतातच, हा बग नाही, तो तसाच आहे. कमेंट जपायच्या असतील तर कॉन्फिगअपडेटर वापरता येतो, टॉमल या दुसऱ्या फॉरमॅटवर जायचं असेल तर टॉमलकिट, यामल या फॉरमॅटला रुआमेल. पायथन ३.११ मध्ये आलेलं टॉमललिब फक्त वाचतं, लिहीत नाही, हे बऱ्याच जणांना सगळा कोड बदलल्यावर कळतं. आणि टॉमलमध्ये डबल कोट्समध्ये विंडोजचा पाथ टाकला तर बॅकस्लॅश नडतो, सिंगल कोट्स घ्या.

पण माझं मत विचाराल तर माणूस जी फाईल लिहितो ती प्रोग्रामने लिहूच नये. आता माझ्याकडे दोन फाईल आहेत, एक काका किंवा मी हाताने बदलतो, कमेंटसकट, प्रोग्राम ती फक्त वाचतो. दुसरी प्रोग्रामची स्वतःची, खिडकीतून बदललेलं सगळं तिच्यात, तिला कोणी नोटपॅडमध्ये उघडत नाही. रीडला दोन्ही एकापाठोपाठ दिल्या की दुसरीतलं पहिलीवर चढतं, म्हणजे ज्या लिस्टमुळे रीड गप्प राहतं तीच इथे उपयोगी पडली.

आणि बिलाचा नंबर तिथून काढलाच. तो सेटिंग नव्हताच मुळात, तो हिशोब होता. एसक्यूलाईट या छोट्या डेटाबेसमध्ये टाकला, बिल आणि नंबर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही सेव्ह होतात नाहीतर एकही नाही. आधी आयएनआय फाईलमधून तो नंबर वाचताना मी फॉलबॅक एक असं ठेवलं होतं, म्हणजे सापडला नाही तर एकपासून सुरू करा, आणि या एका ओळीने बाकी सगळ्या चुका झाकल्या, प्रोग्राम बंद पडला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. रंग, फॉन्ट, खिडकीची साईझ याला फॉलबॅक द्या खुशाल. जीएसटी नंबर नाही मिळाला तर प्रोग्राम उघडायलाच नको.

अजून एक राहिलंय जे अधूनमधून येतं. ओएस रिप्लेस करताना कधीतरी परमिशनएरर, परत केलं की चालतं. अँटीव्हायरस किंवा बॅकअपवाला सॉफ्टवेअर तेवढ्यात फाईल उघडून बसलेला असतो. मी पाव सेकंद थांबून पाच वेळा प्रयत्न करतो आणि तरी नाही झालं तर काकांना खिडकीत सांगतो की सेव्ह झालं नाही. कोणाकडे प्रोग्रामच्या दोन खिडक्या एकदम उघड्या राहत असतील तर ते वेगळं, तिथे एरर येत नाही, नंतर बंद केलेली खिडकी आधीच्यावर लिहून टाकते, त्याला लॉक फाईलच पाहिजे आणि ते मी अजून केलेलं नाही, काकांच्या काउंटरवर एकच कॉम्प्युटर आहे म्हणून निभतंय.